भागीचे घोडे आणि सागरातला ट्यूना

‘भागीचे घोडे किवणाने मेले’ ही म्हण आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येत आली आहे. भावाभावांत सामाईक राहिलेला वाडा, आळीतली सार्वजनिक विहीर, गावाचे गायरान ह्यांचा विषय निघाला की वडीलधाऱ्यांच्या तोंडी ती हटकून येते. घोडे सर्वांचे, म्हणून त्यावर बसायला सगळेच तयार. त्याच्या पाठीवर झालेली जखम धुवायला मात्र कोणीच नाही. महाराष्ट्र सोडून इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथे स्थायिक झालेल्या आपल्या पूर्वजांनी भाषेची जी शिदोरी बरोबर नेली, तीत ही म्हणही होती, आणि नव्या मुलखात तिचा प्रत्यय त्यांना वेळोवेळी आलाच असेल.

ह्या म्हणीचा जगातला सर्वांत मोठा दाखला कोणता, असे आम्हांस कोणी विचारले तर आम्ही समुद्राकडे बोट दाखवू. किनाऱ्यापासून दोनशे सागरी मैलांपर्यंतच्या पाण्यातील संपत्तीवर त्या त्या राष्ट्राचा हक्क मानला जातो. त्यापलीकडचा समुद्र कोणाच्याच मालकीचा नाही. जमिनीला कुंपण घालता येते, विहिरीला कठडा बांधता येतो. पण जो मासा आज एका राष्ट्राच्या पाण्यात तर दोन महिन्यांनी दुसऱ्या खंडाच्या किनाऱ्याशी असतो, त्याची वाटणी करावी कशी? आणि वाटणी ठरली तरी प्रत्येकाने आपल्याच वाट्यापुरते घेतले हे तपासावे कोणी? अटलांटिक महासागरातील ब्लूफिन नावाच्या ट्यूना माशाच्या बाबतीत हा प्रश्न गेल्या अर्धशतकात इतक्या निकराला आला की, तो मासा नामशेष होणार अशी भीती जगाला वाटू लागली. पुढे तो सावरला. तो कसा सावरला, आणि त्याची किंमत कोणी मोजली, ही हकीकत आमच्या वाचकांना सांगण्याजोगी वाटल्यावरून येथे देत आहोत.

असा हा मासा

गोव्याच्या व कोकणाच्या बाजारात ‘कुपा’ किंवा ‘गेदर’ ह्या नावांनी जे मासे मिळतात ते ट्यूनाच्याच कुळातले. तथापि ब्लूफिन हा त्या कुळातला राजा म्हटला पाहिजे. तो आपल्या समुद्रात नाही. अटलांटिक महासागर व भूमध्य समुद्र हे त्याचे घर. १९७९ साली कॅनडातील नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्याजवळ गळाला लागलेल्या एका ब्लूफिनचे वजन ६७९ किलो भरले होते. एखाद्या मोठ्या म्हशीएवढे धूड आणि बाणासारखी त्याची गती, असे हे विलक्षण मिश्रण आहे. बहुतेक मासे ज्या पाण्यात राहतात त्या पाण्याइतकेच थंड असतात. हा मासा मात्र आपल्या स्नायूंची ऊब शरीरात राखून ठेवू शकतो. त्यामुळे मेक्सिकोच्या आखाताच्या उबदार पाण्यापासून नॉर्वेच्या गारठलेल्या पाण्यापर्यंत त्याचा संचार असतो. अटलांटिक महासागर एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत तो दोन महिन्यांच्या आत ओलांडतो, असे त्याच्या अंगावर बसविलेल्या खुणांवरून सिद्ध झालेले आहे.

एवढ्या मोठ्या संचारातही त्याचे माहेर ठरलेले असते. अंडी घालण्यासाठी काही मासे वसंत ऋतूत मेक्सिकोच्या आखातात येतात, तर त्यांहून कितीतरी अधिक संख्येने ते मे ते जुलैच्या दरम्यान भूमध्य समुद्रात शिरतात. ह्या दोन माहेरांवरून शास्त्रज्ञांनी त्याचे पूर्वेकडील व पश्चिमेकडील असे दोन गट मानले आणि व्यवस्थेच्या सोयीसाठी महासागराच्या मधोमध पंचेचाळीस अंश पश्चिम रेखांशावर एक काल्पनिक सीमारेषा आखली. माशाला अर्थातच ही रेषा ठाऊक नाही. तो ती वाटेल तेव्हा ओलांडतो. माणसांच्या हिशेबातली पहिली अडचण येथूनच सुरू होते.

दुसरी अडचण त्याच्या ह्या माहेरच्या ओढीनेच निर्माण केली. वर्षभर विखुरलेले मासे ठरावीक महिन्यांत, ठरावीक पाण्यात दाटीने एकत्र येतात. म्हणजे ज्या वेळी त्यांना सर्वाधिक अभय मिळायला हवे, नेमक्या त्याच वेळी त्यांना पकडणे सर्वांत सोपे असते.

तीन हजार वर्षे आणि तीस वर्षे

ही सोय माणसाने फार प्राचीन काळीच ओळखली होती. स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर, जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीलगत, फिनिशियन लोकांच्या काळापासून ट्यूना पकडला जातो. रोमन काळी तेथे मासे खारवण्यासाठी बांधलेली कुंडे बाएलो क्लाउदिया ह्या नगराच्या अवशेषांत आजही पाहावयास मिळतात. समुद्रतळाशी नांगरलेल्या जाळ्यांच्या भिंती उभारायच्या, त्यांतून वाट काढीत येणारे मासे एका कोठडीत आणायचे आणि मग सर्वांनी मिळून ते वर ओढायचे, अशी ही रीत. तिला तेथे ‘अल्माद्राबा’ म्हणतात, आणि बार्बाते, सारा, कोनिल, तारिफा ह्या गावांजवळ ती अद्याप चालू आहे. हे जाळे माशाचा पाठलाग करीत नाही. जो येईल तो घेते, उरलेला जाऊ देते. म्हणूनच हजारो वर्षे ही शिकार चालूनही मासा टिकून राहिला.

मग तीस-चाळीस वर्षांतच तो संपत आल्यासारखा का झाला? ह्याचे उत्तर बरेचसे बाजारात सापडते. १९६० च्या दशकापर्यंत अमेरिकेच्या व कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर ह्या प्रचंड माशाला जवळजवळ मोल नव्हते. हौशी लोक तो गळाने पकडून त्याच्यासह छायाचित्र काढून घेत; मग तो कुत्र्यामांजरांच्या खाद्यासाठी कवडीमोलाने विकला जाई किंवा पुरून टाकला जाई. जपानातून यंत्रसामग्री घेऊन अमेरिकेकडे जाणारी मालवाहू विमाने परत येताना रिकामी येत. १९७२ च्या सुमारास ह्या परतीच्या विमानांतून बर्फात ठेवलेला ट्यूना टोकियोच्या बाजारात पोहोचू लागला, आणि ज्या मांसाला कोणी विचारीत नव्हते त्याला एकाएकी सोन्याचे मोल आले. ह्या मोलाची कल्पना यावी म्हणून एवढेच सांगतो की, २०१९ सालच्या जानेवारीत टोकियोच्या तोयोसू बाजारातील वर्षारंभाच्या लिलावात २७८ किलोच्या एका माशाला ३३ कोटी ३६ लाख येन मिळाले. तो मासा प्रशांत महासागरातील भाऊबंद होता आणि त्या लिलावात मानापमानाचा भागही मोठा असतो. परंतु वाऱ्याची दिशा कोणती होती हे त्यावरून कळते.

कागदावरची मर्यादा

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ही सारी लूट कायदा नव्हता म्हणून झाली असे नाही. अटलांटिकमधील ट्यूनाच्या रक्षणासाठी रिओ द जानेरो येथे १९६६ साली राष्ट्रांचा करार झाला, १९६९ मध्ये तो अमलात आला, आणि त्यातून जन्मलेल्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे कार्यालय माद्रिद येथे सुरू झाले. ‘इकॅट’ ह्या आद्याक्षरांनी तो ओळखला जातो. पश्चिमेकडील गटासाठी ह्या आयोगाने १९८२ पासूनच वार्षिक मर्यादा घातली, आणि मेक्सिकोच्या आखातात मुद्दाम ब्लूफिन धरण्यासाठी जाणे बंद केले. पूर्वेकडे, म्हणजे भूमध्य समुद्राच्या बाजूला, १९९० च्या दशकाच्या अखेरीस मर्यादा आली. पकडीच्या ह्या ठरलेल्या वार्षिक मापाला ‘कोटा’ म्हणतात. आधी संपूर्ण समुद्रासाठी एक माप ठरते. मग त्याचे राष्ट्रांत वाटे पडतात. आणि प्रत्येक राष्ट्र आपला वाटा जहाजांत, बंदरांत व मासेमारीच्या प्रकारांत वाटून देते.

व्यवस्था चोख दिसते. पण ती कागदावर होती. २००७ साली पूर्वेकडील कोटा २९,५०० टन होता. शास्त्रज्ञांनी सांगितलेले प्रमाण १५,००० टनांच्या आसपास होते, म्हणजे कोटाच मुळी सल्ल्याच्या दुप्पट. आणि प्रत्यक्ष पकड? ती ६१,००० टनांच्या घरात गेली असावी, असा अंदाज आयोगाच्याच शास्त्रज्ञांनी नंतर मांडला. त्याच वर्षी फ्रान्सने आपल्या वाट्याच्या जवळजवळ दुप्पट मासा धरल्याचे स्वतःच नोंदविले, आणि ते कर्ज पुढील वर्षांच्या वाट्यांतून फेडण्याची पाळी त्यावर आली. २००८ साली आयोगाच्या कामाची तपासणी करण्यासाठी बाहेरचे तज्ज्ञ नेमले गेले, तेव्हा त्यांनी ह्या कारभाराला आंतरराष्ट्रीय नामुष्की म्हणावयास कमी केले नाही.

हिशेब एवढा कसा चुकला? ह्याचे एक कारण मासेमारीच्या नव्या रीतीत होते. पर्ससीन नावाचे अवाढव्य जाळे माशांच्या संपूर्ण थव्याभोवती टाकून, थैलीची नाडी ओढावी तसे ते खालून आवळतात. थवे हुडकण्यासाठी लहान विमाने वापरली जात. पकडलेले मासे मारून जहाजावर घेतले जात नसत. जिवंतपणीच ते पाण्यातल्या पिंजऱ्यांत सोडीत आणि ते पिंजरे अगदी संथ गतीने ओढीत स्पेन, माल्टा, क्रोएशिया येथील बंदिस्त तळांवर नेत. तेथे महिनोन्‌महिने खाऊ घालून मासा लठ्ठ करायचा आणि मग जपानला धाडायचा, असा हा धंदा. बंदरातल्या तराजूवर मासा कधी चढतच नसे. पाण्याखाली फिरणाऱ्या थव्यात मासे हजार आहेत की दोन हजार, हे सांगणार धरणाराच, आणि त्याचे हित कमी सांगण्यातच. शिवाय ही जहाजे नवी व मोठी करण्यासाठी युरोपातील सरकारी तिजोरीतून अनुदानही मिळाले होते. एका हाताने मर्यादा घालायची आणि दुसऱ्या हाताने मर्यादा मोडण्याची साधने पुरवायची, असा प्रकार चालला होता.

दार लोटण्याची वेळ

मार्च २०१० मध्ये दोहा येथे एक निर्णायक प्रसंग आला. धोक्यातील प्राण्यांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिषदेत मोनॅको ह्या चिमुकल्या राष्ट्राने ब्लूफिनचा आंतरराष्ट्रीय व्यापार पूर्णपणे बंद करावा असा ठराव मांडला. तो फेटाळला गेला : बाजूने २०, विरुद्ध ६८, तटस्थ ३०. जपानने विरोधात मोठी मोर्चेबांधणी केली होती. वरकरणी हा माशाचा पराभव होता. पण ज्यांनी ठराव पाडला त्यांच्यावरच आता जबाबदारी येऊन पडली. माशाचा सांभाळ आयोगाकडेच असू द्या, असे त्यांनी जगाला सांगितले होते; ते करून दाखवणे त्यांना भाग होते.

त्याची सुरुवात त्याआधीच झाली होती. २००६ साली क्रोएशियातील दुब्रोव्हनिक येथे पुनरुज्जीवनाची योजना ठरली होती. विमानांनी थवे शोधण्यास मनाई झाली. पूर्वी दहा किलोचा मासाही धरता येई. आता काही अपवाद वगळता तीस किलोंहून लहान मासा धरण्यास बंदी आली. ह्यामागचा विचार आपल्या शेतकऱ्याला चटकन पटेल, कारण बियाण्याचे दाणे जात्यात घालू नयेत हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. पूर्वेकडील ब्लूफिन साधारण चौथ्या वर्षी अंडी घालण्याजोगा होतो. निदान एकदोनदा तरी त्याची प्रजा व्हावी, मग त्याला धरावे.

पुढे कोटा उतरत गेला : २०१० साली १३,५०० टन, २०११ व २०१२ साली १२,९०० टन. त्याचबरोबर वेळेचेही बंधन आले. २०१० पासून पर्ससीन जहाजांना वर्षातून केवळ महिनाभर, मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत, मासेमारीची मुभा राहिली. उरलेले अकरा महिने बंद. आणि त्या महिन्यातही वाटा भरला की तत्क्षणी परत फिरायचे. २००८ साली युरोपीय आयोगाने हंगाम संपण्याच्या आधीच बहुतेक जहाजांना माघारी बोलावले, तेव्हा बंदरांत किती संताप उसळला असेल ह्याची कल्पना करता येते. ज्याने कर्ज काढून जहाज बांधले, खलाशांना उचल दिली, त्याला हंगामाच्या ऐन भरात ‘बस्स, आता पुरे’ असे ऐकावे लागले.

परंतु आमच्या मते खरा बदल कोटा कमी होण्यापेक्षा हिशेब खरा होण्यात होता. प्रत्येक पर्ससीन जहाजावर आयोगाचा निरीक्षक बसू लागला. जहाज कोठे आहे हे उपग्रहाद्वारे सतत कळू लागले. प्रत्येक माशाबरोबर त्याचा जन्मदाखला म्हणावा असा कागद जाऊ लागला : कोणी धरला, कोठे धरला, कोणत्या पिंजऱ्यात गेला, कोणाला विकला. हा दाखला नसेल तर जपानच्या बाजारात दार बंद. पिंजऱ्यांत मासे सोडताना दोन भिंगांचे कॅमेरे लावून त्यांची संख्या व आकार मोजण्याची सक्ती झाली, आणि मोजणीत अधिक निघालेले मासे परत समुद्रात सोडावे लागू लागले. मर्यादा पूर्वीही होती. आता ती मोजणारा माणूस आणि दार लावणारा हात हे दोन्ही आले.

पोटाचा गळ आणि छंदाचा गळ

आतापर्यंत आम्ही धंदेवाल्या जहाजांविषयीच लिहिले. पण ह्या माशाचा दुसराही एक शिकारी आहे, आणि त्याच्यामुळे वाटणीचा प्रश्न अधिकच नाजूक होतो. हा शिकारी म्हणजे हौशी मासेमार. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सुट्टीच्या दिवशी स्वतःची किंवा भाड्याची नाव घेऊन, एका काठीने व एका गळाने, आपल्या वजनाच्या कित्येक पट मोठ्या माशाशी तासन्‌तास झुंजणे हा अनेकांचा आवडता छंद आहे. एकट्याची पकड क्षुल्लक असते. पण छंदिष्ट असंख्य असतात, आणि थेंबाथेंबाने तळे साचते तसे ते रिकामेही होते.

अमेरिकेने आपल्या वाट्याचे ह्यास्तव निरनिराळे कप्पे केले आहेत. गळाने धरून विकणाऱ्यांचा एक, भाल्याने मारणाऱ्यांचा एक, मैलोगणती लांब दोरीला हजारो गळ लावणाऱ्यांचा एक, आणि हौशी लोकांचा एक. ज्याचा कप्पा रिता झाला त्याचे दार बंद होते. विकणाऱ्याने ७३ इंचांहून लहान मासा धरायचा नाही. हौशी माणसाला लहान मासे ठरलेल्या संख्येने धरता येतात. ७३ इंचांहून मोठा, ज्याला ते ‘ट्रॉफी’ म्हणतात, असा मासा एका नावेला वर्षातून एकच. हौशी परवान्यावर धरलेला मासा विकता येत नाही. पकड चोवीस तासांच्या आत सरकारला कळवावी लागते. पश्चिमेकडील लहान माशांची पकड एकंदर कोट्याच्या दहा टक्क्यांहून अधिक होऊ द्यायची नाही, असाही आयोगाचा दंडक आहे. भूमध्य समुद्रातही हौशी नावेला दिवसाला एकच मासा, आणि तोही विक्रीसाठी नाही.

विक्रीवरील बंदीचा हा नियम विशेष विचाराने केलेला दिसतो. छंदाला बाजाराची जोड मिळाली की तो छंद राहत नाही, आणि ज्याचे पोट त्यावर आहे त्याच्या तोंडचा घास तो काढून घेतो. पण उलट बाजूही आहे. हौशी लोकांना नेणाऱ्या नावांवर, किनाऱ्यावरच्या खाणावळींवर, गळ व दोऱ्या विकणाऱ्या दुकानांवर कित्येक कुटुंबे जगतात. कप्पा भरून ऐन उन्हाळ्यात दार लागले की त्यांचा हंगामही बुडतो. छंदिष्ट म्हणतो, मी एक मासा धरतो आणि सारा किनारा जगवतो. कोळी म्हणतो, हे माझे जगणे आहे, तुझी करमणूक आहे. दोघांचेही म्हणणे खोटे नाही. म्हणूनच ह्या वाटणीचा निवाडा केवळ शास्त्रज्ञ करू शकत नाहीत. समुद्रातून किती घ्यावे हे शास्त्र सांगेल. कोणी किती घ्यावे हे न्यायबुद्धीनेच ठरवावे लागते.

लांब दोरीच्या मासेमारांवर २०१५ पासून आणखी एक बंधन आले. ते वस्तुतः दुसऱ्याच माशांसाठी गळ टाकतात, पण ब्लूफिनही त्यांना लागतो. आता प्रत्येक नावेला अशा ब्लूफिनचा स्वतंत्र हिशेब ठेवावा लागतो, आणि नावेवरील कॅमेरा त्याला साक्षी असतो. शेजाऱ्याने मर्यादा ओलांडली म्हणून आपले दार लागावे, ही तक्रार त्यामुळे बरीच कमी झाली. भागीच्या घोड्याला प्रत्येक भागीदाराच्या नावाची खूण बांधावी, तसाच हा उपाय आहे.

मासा परतला, तथापि

फळ दिसू लागायला फार वर्षे लागली नाहीत. निसर्गानेही हात दिला. २००३ च्या सुमारास जन्मलेली पिढी भरघोस निघाली होती, आणि लहान माशांना अभय मिळाल्यामुळे ती वाढू शकली. पूर्वेकडील कोटा २०१८ साली २८,२०० टन, २०२० साली ३६,००० टन आणि २०२३ ते २०२५ ह्या वर्षांसाठी दरसाल ४०,५७० टन असा वाढविता आला. जेथून मासा दिसेनासा झाला होता त्या इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्याशी आणि नॉर्वेच्या पाण्यात तो पुन्हा दिसू लागला. इंग्लंडने २०२१ मध्ये हौशी लोकांना आधी केवळ धरून, खूण लावून, सोडून देण्याचीच मुभा दिली. जागतिक निसर्ग संरक्षण संघाने सप्टेंबर २०२१ मध्ये त्याला धोक्याच्या यादीतून काढले. नोव्हेंबर २०२२ मध्ये आयोगाने आणखी एक शहाणपणाचा निर्णय घेतला : मासा किती वाढला वा घटला तर कोटा किती बदलायचा, ह्याचा नियमच आगाऊ ठरवून टाकला, म्हणजे दरवेळच्या घासाघिशीला वाव उरू नये.

तथापि ही गोष्ट सर्वथा गोड आहे असे भासविणे आम्हांस उचित वाटत नाही. मेक्सिकोच्या आखातात अंडी घालणारा पश्चिमेकडील गट १९७० च्या दशकाच्या मानाने अद्याप निम्म्याहूनही कमी आहे. त्याचा वार्षिक कोटा २०२३ ते २०२५ साठी अवघा २,७२६ टन होता. चोरीही थांबलेली नाही. २०१८ साली युरोपातील पोलिसांनी स्पेन, इटली, माल्टा ह्या देशांत पसरलेले जाळे उघडकीस आणले, तेव्हा ७९ जणांना अटक झाली, ८० टन मासा जप्त झाला, आणि ह्या चोरट्या व्यापाराचा अंदाज वर्षाला २,५०० टनांपर्यंत गेला. जेथे निरीक्षक व कॅमेरे इतके आहेत तेथेही ही अवस्था आहे.

सर्वांत बोचणारी गोष्ट निराळीच आहे. समुद्र ओरबाडला तो मोठ्या पर्ससीन जहाजांनी. पण कोटा उतरला तेव्हा दाराबाहेर राहिले ते बहुधा लहान नावांचे गळवाले कोळी. वाटे पाडताना ‘आजवर कोणी किती धरले’ हे प्रमाण मानले गेले, आणि ज्याने अधिक ओरबाडले त्याच्या पदरात अधिक वाटा पडला. मासा परतल्यावर कोट्याचा फार मोठा भाग पुन्हा जुन्याच मोठ्या जहाजांकडे गेला. मासा वाचला, हे खरे. पण जो आपल्या लहान नावेत बसून त्याला डोळ्यांदेखत उड्या मारताना पाहतो आणि वाटा नाही म्हणून धरू शकत नाही, त्याला हे वाचणे किती समाधान देत असेल?

आपल्या किनाऱ्यावर

हा सवाल आपल्या किनाऱ्यालाही अपरिचित नाही. १९७० च्या दशकात गोव्याच्या समुद्रात यांत्रिक ट्रॉलर वाढले आणि किनाऱ्यावर उभे राहून रापण ओढणाऱ्या कोळ्यांच्या जाळ्यांत मासळी येईनाशी झाली, तेव्हा माथानी साल्ढाणा प्रभृतींच्या नेतृत्वाखाली रापणकारांनी मोठे आंदोलन उभारले. त्याचे फळ म्हणून १९८० साली गोव्यात सागरी मासेमारी नियमनाचा कायदा झाला, आणि किनाऱ्यालगतचे पाणी यांत्रिक बोटींपासून राखून ठेवण्याचे तत्त्व मान्य झाले. १९८१ साली महाराष्ट्रानेही असाच कायदा केला. आज पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस आणि पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. बिगर-यांत्रिक होड्यांना त्यातून सूट आहे. म्हणजे दार कोणासाठी लोटायचे ह्याचा थोडाफार विचार आपल्याकडे झालेला आहे. त्याचे कारण हेच की, दार लोटून घेण्याची मागणी येथे प्रथम रापणकारांनीच केली होती.

हिंदी महासागरातील ट्यूनासाठीही १९९६ मध्ये आयोग स्थापन झाला असून सेशेल्स बेटांवर त्याचे कार्यालय आहे. भारत त्याचा सभासद आहे. दूरदेशीची प्रचंड जहाजे आणि किनाऱ्यावरच्या राष्ट्रांतले लहान मासेमार ह्यांत वाटे कसे पाडायचे, हा वाद तेथेही आहे. आपल्या लक्षद्वीप बेटांवरील कोळी पिढ्यान्‌पिढ्या काठी व दोरी घेऊन ट्यूना एकेक करून धरीत आले आहेत. उद्या वाटे ठरताना ‘आजवर कोणी किती धरले’ एवढेच प्रमाण मानले गेले, तर एकेक मासा धरणाऱ्याचा संयमच त्याच्या विरुद्ध पुरावा ठरेल. भूमध्य समुद्राच्या अनुभवावरून घ्यायचा धडा हा, आणि तो वाटे पाडण्याच्या आधीच घेतला पाहिजे.

जूनमध्ये गोव्याच्या वा बेळगावच्या बाजारात सुरमईचा भाव ऐकून आपल्या गृहिणी कपाळाला हात लावतात. इंदूर-ग्वाल्हेरकडे बर्फातून येणारी मासळीही त्या दिवसांत महाग होते. वाचकहो, तो वाढीव भाव हा ह्या दार लोटण्याचा आपल्या वाट्याला आलेला खर्च आहे, आणि मासा टिकायचा असेल तर तो सोसण्याजोगा आहे. त्या काळात चोरून आणलेली, किंवा अगदी चिमुकली मासळी स्वस्त मिळते म्हणून घेऊ नये, एवढे तर समुद्रापासून शेकडो कोस दूर राहणाऱ्या घरालाही करता येईल.

कोळी बांधव श्रावणातल्या नारळी पौर्णिमेला सागराला नारळ अर्पण करून मगच होड्या पाण्यात लोटतात. सरकारी बंदी ३१ जुलैला उठते. नारळी पौर्णिमा बहुधा त्यानंतर, ऑगस्टात येते. बंदी उठूनही जुन्या चालीचे कितीतरी कोळी पौर्णिमेची वाट पाहत थांबतात. त्यांना थांबविणारा निरीक्षक नाही की कॅमेरा नाही. मोठ्या जहाजांसाठी ते दोन्ही हवेतच, ह्यात शंका नाही. पण जेथे समुद्र आपल्या घरचा वाटतो, तेथे माणूस त्याच्या पाठीवरची जखम स्वतःच धुवायला बसतो, हेही तितकेच खरे.